‘नुसता लाइटचा स्विच बदलायचाय’



मागच्या व्हिडिओत जालना एमआयडीसीतल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनचं दुकान दाखवलं होतं. त्याच्या मागं ऑलिव्ह हिरव्या रंगाची उघडी जिप्सी उभी होती. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलं, ती गाडी कुणाची, आणि तिचं काय चाललं होतं? व्हिडिओत दोन मिनिटांत उरकलेली ती गोष्ट आज नीट सांगतो. त्या गाडीच्या लाइटच्या स्विचनं आपल्या या मित्राचे तीन दिवस खाल्ले, आणि दर सांगायची त्याची पद्धतच बदलली.

गिऱ्हाईक म्हणजे अंबड तालुक्यातले एक मोसंबीवाले काका. बागेत फिरायला, पावसाळ्यात चिखलातून क्रेट ओढायला म्हणून त्यांनी डीलरकडून मिलिटरी डिस्पोजलची जिप्सी घेतली. दुकानासमोर गाडी लावली आणि म्हणाले, “लाइट मिणमिण करायलेत, अन् स्विच हात लावू देईना इतका गरम होतोय. नुसता लाइटचा स्विच बदलायचाय. किती घेशील?”

आपल्या मित्रानं बॉनेटही उघडलं नाही. “पंधराशे द्या काका, सामानासकट.”

इथंच थांबा. हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी म्हटलेलं आहे. मीसुद्धा.

आधी या गाड्या येतात कुठून ते बघू. मारुतीची जिप्सी भारतात १९८५ साली आली आणि पुढं वर्षानुवर्षं लष्कराची हलकी गाडी म्हणून चालली. २०१७ मध्ये लष्करानं ३,१९२ टाटा सफारी स्टॉर्मची ऑर्डर दिली, तेव्हापासून जुन्या जिप्सींची जागा हळूहळू दुसऱ्या गाड्या घेऊ लागल्या. वापरातून काढलेल्या लष्करी गाड्यांचा लिलाव होतो. एमएसटीसी या सरकारी कंपनीचे ई-लिलाव त्यासाठी प्रसिद्ध आहेत. लॉटमध्ये घेणारा डीलर त्यातल्या बऱ्या गाड्या बाजूला काढून विकतो, बाकीच्या कापायला जातात. जालन्यात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. आपल्या एमआयडीसीतल्या सळईच्या कारखान्यांत भट्टीत जातं ते भंगारच. त्यामुळं चालू हालतीतली जिप्सी दिसली की इथल्या माणसाला वाटतं, चला, एक तरी वाचली.

आता डॅशबोर्ड उघडल्यावर काय दिसलं ते.

लष्करी गाडीची लाइटिंग साध्या गाडीसारखी नसते. अंधारात ताफा चालवताना वरून किंवा लांबून दिसू नये, म्हणून ब्लॅकआउटची वेगळी सोय असते. हेडलाइटचा वरचा अर्धा भाग काळा रंगवलेला असतो. कित्येक गाड्यांना मागच्या डिफरन्शियलवर पांढरा पट्टा आणि त्यावर छोटा कॉन्व्हॉय लाइट असतो, मागच्या ड्रायव्हरला तेवढाच दिसावा म्हणून. त्यासाठी स्विच जास्तीचे, वायरी जास्तीच्या. गाडी सिव्हिलमध्ये आली की हे सगळं कोणीतरी तोडतं. ‘काढतं’ म्हणत नाही मी, तोडतं. या गाडीत चार वायरींची टोकं डॅशखाली टेप गुंडाळून सोडली होती. जालन्याच्या उन्हात त्या टेपचा डिंक झाला होता आणि एका टोकात करंट चालू होता. पत्र्याला टेकलं असतं तर काय झालं असतं, तुम्हीच विचार करा. फ्यूजच्या जागी तांब्याची तार पिळलेली होती.

स्विच बदलून भागणार नव्हतं, कारण मूळ दुखणं स्विचमध्ये नव्हतंच. साधं गणित आहे. एच-फोर बल्ब अप्परला ६० वॅटचा, असे दोन, म्हणजे १२० वॅट. भागिले १२ व्होल्ट, म्हणजे १० अँपिअर. हा सगळा करंट बॅटरीपासून डॅशबोर्डच्या स्विचमधून फिरतो. स्विचचे पॉइंट जुने होऊन तिथं ०.२ ओहमचा रेझिस्टन्स आला, की २ व्होल्ट तिथंच खाल्ले जातात आणि २० वॅटची उष्णता स्विचच्या पोटात तयार होते. छोटी सोल्डरिंग आयर्न साधारण तेवढीच असते! वर गंजलेल्या अर्थिंगनं अर्धा व्होल्ट खाल्ला. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.५ आणि बल्बवर ११. कमी वाटतं? हॅलोजनचा उजेड व्होल्टेजबरोबर सरळ कमी होत नाही, धाडकन पडतो. एवढ्या गळतीत तो जवळपास निम्मा होतो. काकांचे मिणमिणते लाइट ते हेच.

नवा स्विच टाकला असता तर महिनाभर बरं चाललं असतं.

उपाय म्हणजे रिले. स्विचनं फक्त रिलेला इशारा द्यायचा. मोठा करंट बॅटरीवरून फ्यूजमधून रिलेत आणि तिथून थेट बल्बला. आपल्या मित्रानं बाजारातून तयार हेडलाइट रिले किट आणलं, तासाभरात बसवलं. रिले ओढेचना. दुसरं किट आणलं. तेच. दुसरा दिवस यात गेला.

तिसऱ्या दिवशी त्यानं टेस्ट लॅम्प घेऊन शांतपणे एकेक वायर तपासली, तेव्हा कळलं. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत स्विच प्लस जोडतो आणि बल्बची कॉमन पिन अर्थला असते. या गाडीत उलटं होतं. कॉमन पिनवर प्लस, आणि स्विच अर्थ जोडत होता. सुझुकीच्या जुन्या फोर-बाय-फोर गाड्यांची ही जुनी तऱ्हा. तयार किटमधल्या रिलेच्या कॉइलचं एक टोक, ८५ नंबरचं, बॉडीला अर्थ केलेलं. ८६ वर स्विचच्या वायरीतून प्लस येईल अशी त्याची वाट. इथं तिथूनही अर्थच येत होता. दोन्हीकडं अर्थ म्हटल्यावर रिले ओढणार कसा? मग त्यानं कॉइलचं एक टोक फ्यूजमधून आलेल्या प्लसला जोडलं, दुसरं स्विचच्या वायरीला. खट् आवाज आला. लाइट लागले.

पुढचं काम मात्र त्यानं मन लावून केलं. रिलेला बॅटरीवरून २.५ स्क्वेअर एमएमची वायर, तिथून प्रत्येक बल्बला १.५ ची, इशाऱ्याला बारीक. डाव्या-उजव्या लाइटला वेगळा फ्यूज, म्हणजे एक उडाला तरी रात्री रस्त्यावर एकदम काळोख नको. अर्थिंगचा पत्रा चकाकेपर्यंत घासला. थिंबल नीट दाबून वर हीट श्रिंक स्लीव्ह. वायर जिथं पत्र्यातून आत जाते तिथं रबरी ग्रोमेट. सुटलेली जुनी टोकं मुळापासून काढली. बल्बवर आता १३ च्या वर व्होल्टेज आलं.

काम एक नंबर. आणि धंदा?

दुकानाचं भाडं, हेल्परचा पगार, लाइटबिल, स्वतःचा पगार (हो, तोही लिहायचा!) मिळून महिन्याचा खर्च समजा ३९,००० रुपये. महिन्याचे २६ दिवस, आणि दिवसातले बिलात लावता येतील असे तास सहाच धरा, कारण बाकीचा वेळ चहा, फोन आणि सामान आणण्यात जातो. १५६ तास. म्हणजे तासाला २५० रुपये नुसतं दुकान उघडं ठेवायला लागतात. तीन दिवसांचे १८ तास, ४,५०० रुपये, सामान वेगळं. हातात आले पंधराशे. काकांना त्यानं बिचकत विचारलं, “थोडे वाढवून द्या ना.” काका म्हणाले, “तूच बोलला होता ना पंधराशे?” काकांचं चुकलं का? नाही.

त्यानं मला फोन केला तेव्हा पहिलं वाक्य होतं, “सर, या डिस्पोजलच्या गाड्या घेणंच बंद करतो.” मी म्हटलं, गाडी सोडू नको, अंदाजानं दर सांगणं सोड. जालन्यात हे काम असं बारकाईनं करणारे किती आहेत? जे दुसऱ्याला जमत नाही, तेच तुझं दुकान.

आता त्याच्याकडं असं चालतं. जुनी लष्करी गाडी आली की आधी दोन तासांची तपासणी, ५०० रुपये, काम द्या अगर न द्या. पहिलं माप बॅटरीचं, कारण लष्करी गाड्यांत २४ व्होल्टही निघतं आणि त्यावर १२ चा बल्ब लावला की गेलाच. मग स्विच प्लस तोडतो की अर्थ, प्रत्येक बल्बवर किती व्होल्ट, कुठली वायर कुठं जाते. सगळ्याचे फोटो गिऱ्हाइकाच्या व्हॉट्सॲपवर, वायर तोडायच्या आधी. त्यानंतर दर सर्किटप्रमाणे: हेडलाइटचे इतके, पार्किंगचे इतके, ब्रेक लाइटचे इतके. काय करणार नाही तेही बिलावर लिहिलेलं. काम संपलं की हातानं काढलेला वायरिंगचा नकाशा लॅमिनेट करून ग्लोव्ह बॉक्समध्ये. त्यावर दुकानाचा नंबर. पुढच्या मेकॅनिकनं डॅश उघडला की तो नंबर त्याला दिसणारच.

एक गोष्ट तो गिऱ्हाइकाला आधीच विचारतो, आणि तुम्हीही विचारा: कागद कुठंवर आलेत? लष्करात असताना गाडीची नोंदणी वेगळी असते. बाहेर आली की आरटीओकडं रीतसर नोंदणी करावी लागते. ऑलिव्ह हिरवा रंग खासगी गाडीला चालत नाही, तो संरक्षण खात्यापुरता राखीव आहे. म्हणून काकांची ती जिप्सी आता पांढरी आहे. आणि टपावर सर्चलाइट लावून द्या म्हणणारे येतातच. पुढं तोंड करून स्पॉटलाइट लावायला परवानगी लागते, तेव्हा हा सरळ नाही म्हणतो.

पाचशे रुपयांची तपासणी सगळ्यांना पटते असं नाही. गेल्या महिन्यात भोकरदनकडचा एक जण डिस्पोजलचीच गाडी घेऊन आला होता. “बघायचे कुठं पैसे असतात का?” म्हणाला, आणि गाडी वळवून दुसरीकडं गेला. मित्रानं त्याला नंबर देऊन ठेवलाय. अजून फोन आलेला नाही.