‘सिल्क’चा कुर्ता खरंच रेशमाचा असतो का?

ईदच्या किंवा लग्नाच्या खरेदीत दुकानदार ‘सिल्क कुर्ता’ म्हणून चमकदार कपडा पुढे करतो आणि घरात चर्चा सुरू होते: पुरुषांना रेशीम हराम आहे, मग हा कुर्ता चालेल का? प्रश्न रास्त आहे. पण आधी हे पाहायला हवं की त्या कापडात रेशीम आहे तरी का?

धागा येतो कुठून?

कापूस शेतात पिकतो. विदर्भ, मराठवाडा, खानदेशात बोंडं फुटली की वेचणी होते. जिनिंगमध्ये सरकी वेगळी करतात आणि सूतगिरणीत कापूस पिंजून त्याचं सूत काततात.

रेशीम किड्यापासून मिळतं. तुतीचा पाला खाणारी अळी स्वतःभोवती कोष विणते. तो गरम पाण्यात टाकला की त्यातला चिकट पदार्थ सैल होतो आणि शेकडो मीटर लांब अखंड तंतू उलगडतो. असे अनेक तंतू एकत्र केले तेव्हा एक धागा होतो. म्हणूनच रेशीम महाग.

पॉलिएस्टर खनिज तेलापासून बनतं. वितळलेला पदार्थ बारीक छिद्रांतून दाबून त्याचे तंतू काढतात. व्हिस्कोस लाकडाच्या लगद्यापासून तयार होतं. बाजारातल्या ‘आर्ट सिल्क’मधला ‘आर्ट’ म्हणजे आर्टिफिशियल, कृत्रिम. त्यात बहुधा हेच धागे असतात, किड्याचं रेशीम नसतं.

धाग्याचं कापड

मागावर उभा धागा म्हणजे ताणा, आडवा म्हणजे बाणा. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागांवरही हेच दोन धागे एकमेकांत गुंततात. गुंफण बदलली की कापडाचं रूप बदलतं. ‘साटीन’ हे धाग्याचं नाव नाही, विणीचं आहे. या विणीत धागे पृष्ठभागावर लांब राहतात, म्हणून पॉलिएस्टरचं साटीनही रेशमासारखं चमकतं.

आपल्या विणकरांनी हे ज्ञान फार पूर्वी वापरलं. ‘मशरू’ या शब्दाचा अर्थच शरियतनुसार जायज असा. त्यात ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा. वीण अशी की रेशीम बाहेर दिसतं, अंगाला मात्र सूत लागतं. औरंगाबादचं प्रसिद्ध हिमरूसुद्धा सूत आणि रेशीम यांच्या मिलाफातून घडलं.

ओळखायचं कसं?

• आधी लेबल वाचा. कापूस किती टक्के, पॉलिएस्टर किती, हे त्यावर पाहा.
• शुद्ध रेशमासाठी ‘सिल्क मार्क’चं लेबल असतं. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने 2004 मध्ये ते सुरू झालं.
• कडेचे दोन-तीन धागे चिमट्यात धरून, खाली पाण्याची ताटली ठेवून जाळा. हे काम मोठ्यांनीच करावं. सूत कागदासारखं जळतं. रेशमाला जळलेल्या केसांचा वास येतो आणि राख बोटाने चुरते. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. मिश्र धाग्यात मात्र ही परीक्षा फसू शकते.

स्त्रियांना रेशीम जायज आहे, पण रेशमाचे पैसे मोजून पॉलिएस्टरची साडी घरी आणणं हे नुकसानच. पुरुषांच्या मिश्र कापडाबाबत आपल्या आलिमांना जरूर विचारा. मात्र विचारायला जाताना दुकानदाराने सांगितलेलं नाव नको, ताणा कशाचा आणि बाणा कशाचा ही माहिती सोबत न्या. कारण मसल्याचं उत्तर त्यावरच ठरतं.