वर्षाला पाच-सहा चित्रे : वासुदेव गायतोंडे यांची कलासाधना

एखादा व्यावसायिक चित्रकार वर्षभरात किती चित्रे काढत असेल? चित्र हेच ज्याच्या उपजीविकेचे साधन, त्याच्याबाबत सर्वसामान्य माणूस पन्नास-शंभराचा आकडा सहज सांगेल. वासुदेव संतू गायतोंडे हे आधुनिक भारतीय चित्रकलेतील अग्रगण्य नाव. त्यांच्या परिपक्व काळात त्यांच्या हातून वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा चित्रे पूर्ण होत. या अल्प संख्येमागे आळस नव्हता, की प्रतिभेचा दुष्काळ नव्हता. उरलेले दिवस ते काय करीत, हे समजून घेतले म्हणजे कलावंताच्या परिश्रमाविषयीची आपली कल्पनाच बदलते.

गायतोंडे यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ रोजी नागपूर येथे झाला. घराणे मूळचे गोव्याचे. त्यांचे बालपण मात्र मुंबईत, गिरगावातील चाळीत गेले. मध्यमवर्गीय कुटुंबातील मुलाने चित्रकलेवर पोट भरावे, हा विचार त्या काळी धाडसाचाच होता. तरीही त्यांनी सर जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला आणि १९४८ मध्ये तेथील पदविका संपादन केली. पुढे १९५० च्या सुमारास रझा, सूझा, आरा, हुसेन प्रभृतींच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपशी त्यांचा संबंध आला. समूहात राहूनही त्यांचा पिंड एकट्याचाच राहिला.

लघुचित्रांकडून शिकलेला धडा

आपल्या वाचकांना विशेष आस्था वाटेल अशी एक गोष्ट त्यांच्या उमेदीच्या काळात आढळते. प्रारंभीच्या वर्षांत त्यांनी भारतीय लघुचित्रांचा, त्यांत बसोली आणि जैन शैलीतील चित्रांचा, मनःपूर्वक अभ्यास केला. पश्चिम भारतातील ग्रंथभांडारांत जतन झालेल्या कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना तो लालभडक पृष्ठभाग, सोन्याची झळाळी, धारदार रेषा आणि चेहऱ्याच्या कडेबाहेर आलेला डोळा निश्चित आठवेल. हाताच्या पंजाएवढ्या जागेत तो अनाम चित्रकार संपूर्ण प्रसंग मांडत असे. सावल्या नाहीत, खोलीचा आभास नाही; एका रंगाशेजारी दुसरा रंग आणि त्यांचा परस्परांशी असलेला तोल, एवढ्यावरच सारे चित्र उभे.

गायतोंडे यांनी या चित्रांतून कथा घेतली नाही, तोल घेतला. हळूहळू त्यांच्या चित्रांतील मानवाकृती विरळ झाल्या, नंतर रेषाही विरघळल्या आणि पन्नासच्या दशकाच्या अखेरीस केवळ रंग, पोत व प्रकाश शिल्लक राहिला. आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हटलेले त्यांना रुचत नसे. अमूर्त म्हणजे कशाचे तरी मूर्त रूप पुसून उरलेले. आपल्या चित्रांत मुळात कोणती वस्तूच नाही, अशी त्यांची धारणा होती. चित्रांना ते सहसा शीर्षकही देत नसत.

पाहण्यात गेलेला दिवस

त्यावेळी मुंबईत वॉर्डन रोडवर समुद्राला लागून भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूट होती. तेथे रविशंकर संगीत शिकवीत, अल्काझी नाटके बसवीत आणि चित्रकारांना काम करण्यासाठी खोल्या मिळत. गायतोंडे यांची खोली तेथेच होती. समुद्राकडे पाहत ते तासन् तास स्वस्थ बसत. बाहेरून पाहणाऱ्यास हा वेळेचा अपव्यय वाटावा. परंतु त्यांच्या दृष्टीने हाच कामाचा मोठा भाग होता. चित्र आधी मनात पिकू द्यायचे, त्याची घाई करायची नाही, आणि ते पूर्ण पिकल्यावरच कॅनव्हासला हात लावायचा, हा त्यांचा क्रम. झेन विचार, रमण महर्षी, जे. कृष्णमूर्ती आणि मुंबईतील निसर्गदत्त महाराज यांच्याकडे त्यांचा ओढा होता, तो या वृत्तीशी सुसंगतच म्हणावा लागेल.

प्रत्यक्ष कामही तितकेच संथ आणि कष्टाचे होते. कुंचल्याऐवजी ते रोलर व रंग पसरण्याची पट्टी वापरीत. रंगाचा पातळ थर द्यायचा, तो काही ठिकाणी खरवडायचा, त्यावर दुसरा थर चढवायचा. वर्तमानपत्राच्या कागदाचे फाडलेले तुकडे रंगात भिजवून कॅनव्हासवर दाबायचे आणि उचलायचे. त्यातून एखाद्या अज्ञात लिपीतील अक्षरांसारखे ठसे उमटत. तैलरंग हे पाण्याच्या रंगांप्रमाणे घटकाभरात वाळत नाहीत. त्यांतील तेलाचा हवेशी संयोग होऊन ते सावकाश कठीण होतात. त्यास कित्येक दिवस लागतात. म्हणजे प्रत्येक थरानंतर थांबणे आलेच. गायतोंडे यांनी ही सक्तीची प्रतीक्षाच आपली कार्यपद्धती केली. एक थर वाळेपर्यंत पाहत राहायचे आणि पुढचा थर खरोखर हवा आहे काय, हे ठरवायचे.

मानसन्मान आले. १९५७ मध्ये टोकियो येथील तरुण आशियाई कलावंतांच्या प्रदर्शनात त्यांना प्रथम पारितोषिक मिळाले. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. १९७१ मध्ये ‘पद्मश्री’ लाभली. त्यानंतर ते दिल्लीस गेले आणि निजामुद्दीन भागातील छोट्याशा भाड्याच्या जागेत राहू लागले. ते अविवाहित होते. गरजा मोजक्या, मित्र मोजके, बोलणे त्याहून मोजके. संगीत, चित्रपट आणि ग्रंथ यांची मात्र मनापासून आवड. पुढे कालिदास सन्मानही मिळाला. परंतु यांपैकी कशानेही त्यांच्या कामाची गती वाढली नाही.

हात थांबला तेव्हा

१९८४ मध्ये दिल्लीत त्यांना गंभीर अपघात झाला. त्यावेळी वय साठीला आलेले. मोठ्या कॅनव्हाससमोर उभे राहून रोलर फिरविणे, रंग खरवडणे हे सारे शारीरिक बळाचे काम; ते आता अशक्य झाले. ज्याच्या हाताखेरीज दुसरे साधन नाही आणि ज्याच्या मागे कुटुंबाचा आधार नाही, अशा कलावंताच्या वाट्याला हे संकट आले.

पुढील काही वर्षे त्यांनी मोठे चित्र केले नाही. कागदावर शाईने लहान लहान रेखाटने तेवढी केली. ती आज पाहताना लक्षात येते, की एखाद्या लिपीच्या शोधात निघाल्यासारख्या त्या खुणा आहेत आणि त्यांत तक्रारीचा सूर मुळीच नाही. आयुष्यभर ज्याने थांबण्याचाच सराव केला, त्याला सक्तीचे थांबणेही पेलता आले, असे म्हणावेसे वाटते. कालांतराने ते पुन्हा मोठ्या कॅनव्हासकडे वळले आणि नव्वदच्या दशकात त्यांनी आपली काही अत्यंत तेजस्वी चित्रे निर्माण केली.

१० ऑगस्ट २००१ रोजी त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे नाव जाणकारांच्या वर्तुळापलीकडे फारसे पोहोचले नव्हते. नंतर जे घडले ते आकड्यांत सांगता येते. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईतील लिलावात त्यांच्या १९७९ सालच्या एका चित्रास २३.७० कोटी रुपये मिळाले. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या समग्र कार्याचे प्रदर्शन भरले. डिसेंबर २०१५ मध्ये दुसऱ्या एका चित्राने २९.३० कोटींचा पल्ला गाठला. हे चित्र १९९५ सालचे, म्हणजे अपघातातून सावरलेल्या हातांनी, सत्तरीत केलेले.

यातील एकही रुपया त्यांच्या हाती पडला नाही, याची अनेकांना हळहळ वाटते. ती स्वाभाविक आहे. पण त्यांची दिनचर्या ध्यानात घेता, पैसा मिळाला असता तरी तिच्यात काही बदल झाला असता असे वाटत नाही. खोली तीच, खुर्ची तीच, वर्षाची चित्रे तीच पाच-सहा. अपरिग्रह हा शब्द आपल्या घरांत नेहमी उच्चारला जातो. वस्तूंच्या संदर्भात आपण त्याचा विचारही करतो. स्वतःच्या निर्मितीच्या बाबतीतही तो पाळता येतो, आवश्यक तेवढेच निर्माण करावे आणि बाकीचा वेळ नीट पाहण्यात घालवावा, हे या अबोल चित्रकाराचे जीवन दाखवून देते. मुंबईत वा दिल्लीत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात जाण्याचा योग आला आणि तेथे गायतोंडे यांचे चित्र मांडलेले असेल, तर त्यासमोरून घाईने पुढे जाऊ नये. दहा मिनिटे उभे राहावे. आधी काहीच दिसत नाही. मग एकेक थर दिसू लागतो.