एकसष्टाची वर्गप्रकृती आणि १७६६३१९०४९ ही संख्या

भास्कराचार्यांनी गोलाध्यायात आपले गाव सह्यकुलाचलाच्या आश्रयाने वसलेले विज्जडविड असे सांगितले आहे. नामसादृश्यावरून काही विद्वान ते बीड मानतात. बालाघाट ही सह्याद्रीचीच शाखा असल्यामुळे हे मत सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही. तथापि चाळीसगावजवळील पाटण येथे भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांच्या मठाचा इ. स. १२०७ चा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणल्यापासून पाटणचा पक्ष अधिक बळकट झाला आहे. ग्रामनिर्णय कसाही होवो, इ. स. ११५० च्या सुमाराच्या बीजगणितातील एक उदाहरण मात्र संख्याशास्त्राच्या अभ्यासकाने स्वतः सोडवून पाहण्याजोगे आहे.

कोणत्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळविला असता पुन्हा वर्गच येतो? प्रकृती ६० असता कनिष्ठ मूळ ४ व ज्येष्ठ मूळ ३१ येते. ६२ असता ती ८ व ६३ येतात. परंतु ६१ साठी लघुतम मुळे अनुक्रमे २२६१५३९८० व १७६६३१९०४९ आहेत. अर्थात केवळ चाचपणीने येथे कार्यभाग साधत नाही.

चक्रवाल रीतीत आरंभी १, ८ व क्षेप ३ घेतात. गुणक ७ घेतला असता कनिष्ठ ५, ज्येष्ठ ३९ व क्षेप ऋण ४ मिळतो. यापुढे ब्रह्मगुप्ताच्या भावनेने ३८०५ व २९७१८ ही मुळे ऋण १ या क्षेपासह येतात, आणि त्यांचीच परस्परभावना केली की इष्ट उत्तर हाती येते.

या शेवटच्या पायरीतच मोठ्या संख्येची घडण उघड होते. २९७१८ च्या वर्गात १ मिळविला की ३८०५ च्या वर्गाची ६१ पट होते. म्हणून १७६६३१९०४९ मधून १ वजा केल्यास २९७१८ च्या वर्गाची दुप्पट, व १ मिळविल्यास ३८०५ च्या वर्गाची १२२ पट येते. पहिल्या विधानावरून असेही निष्पन्न होते की, या संख्येच्या कोणत्याही मूळ अवयवाला ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ३ च उरली पाहिजे. ११ हा असा एक अवयव होय; भागाकार १६०५७४४५९ येतो.

इ. स. १६५७ मध्ये फर्माने याच ६१ चा प्रश्न युरोपीय गणितज्ञांपुढे ठेवला. पुढे ऑयलरच्या गैरसमजामुळे या समीकरणाला पेलचे नाव चिकटले. चक्रवालाचे श्रेयही एकट्या भास्कराचार्यांचे नव्हे, उदयदिवाकराच्या इ. स. १०७३ च्या टीकेत जयदेवाची तीच रीत आढळते. प्रकृती वर्गसंख्या नसल्यास उत्तर असतेच, हे लाग्रांजने अठराव्या शतकात सिद्ध केले. चक्रवाल नेहमीच त्या उत्तरापर्यंत पोहोचते याची सिद्धता विसाव्या शतकात कृष्णस्वामी अय्यंगारांनी दिली. रीत सापडणे आणि ती अचूक का चालते हे कळणे, यांत असे शतकांचे अंतर पडले.