काम येतं? मग कागद दाखव!

तुमच्या फ्लॅटचा स्लॅब ज्याच्या साच्यात घडला, त्या सुताराकडे ना सीव्ही, ना सर्टिफिकेट. पण आता कॉलेजात न जाता, साइटवरच परीक्षा देऊन 'कुशल' ठरता येतं. चिचगडसारख्या गावातून शहरात येणाऱ्या पोरांसाठी हा कागद काय बदलतो? आणि काय बदलत नाही?

अप्रेझलचा महिना आला की आपली सगळ्यांची पळापळ सुरू होते. वर्षभरात काय काय केलं याची एक्सेल शीट, क्लायंटचे कौतुकाचे मेल, वीकेण्डला केलेल्या कोर्सची सर्टिफिकेट्स... सगळं बॉससमोर मांडायचं. अनुभव विकायचा कसा, हा फंडा आपल्याला पक्का ठाऊक असतो.

आता जरा उलटं चित्र बघा. प्रत्येक वेळी कंपनी बदलली की तुमची मागची सगळी वर्षं पुसली जातात. नव्या ऑफिसात पहिल्याच दिवशी विचारतात, "काय येतं तुला?" आणि उत्तर काहीही द्या, सुरुवात ट्रेनीच्याच पगारावर! वैताग येईल ना?

बांधकामाच्या साइटवर हे नेहमीचंच आहे. तिथला एचआर म्हणजे मुकादम. तो विचारतो, "काय येते बे तुले?" समोरचा म्हणतो, "सेंटरिंग येते ना भाऊ, चार वर्षं झाली." मुकादमाचं उत्तर ठरलेलं. "पाहू. आधी हेल्पर म्हणून लाग."

साच्यातली माणसं

सुतार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मॉड्युलर किचन आणि वॉर्डरोब येतो. साइटवरचा सुतार वेगळा. काँक्रीट ओतण्याआधी कॉलम, बीम आणि स्लॅबचा जो साचा लागतो, तो तो उभा करतो. फळ्या, प्लाय किंवा लोखंडी प्लेटा, खाली बल्ल्या नाहीतर जॅक. ओळंबा, गुण्या आणि पाण्याची नळी ही त्याची मोजमापाची हत्यारं. काँक्रीट घट्ट झालं की साचा काढतात आणि त्याचं काम कायमचं दिसेनासं होतं. आपल्याला दिसते ती फक्त गुळगुळीत सीलिंग.

या कामात चूक परवडत नाही. साधा हिशेब करा. दहा बाय दहाची खोली, पाच इंच जाडीचा स्लॅब. ओल्या काँक्रीटचं वजन भरतं जवळपास तीन टन! हे सगळं काही तास, काही दिवस त्या टेकूंवर उभं असतं. वरून काँक्रीट पसरणारी माणसं वेगळीच. एक टेकू भुसभुशीत मातीवर टेकला किंवा एक पाचर सैल राहिली, की काय होऊ शकतं ते सांगायला इंजिनीअर लागत नाही.

साचा काढण्याचंही गणित असतं. आयएस ४५६ : २००० या भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटच्या कामात, साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू किमान ७ दिवस हलवायचे नाहीत. गाळा त्याहून मोठा असेल तर १४ दिवस. सहा मीटरपेक्षा लांब बीमखाली २१ दिवस. ठेकेदाराला प्लेटा पुढच्या मजल्यावर हव्या असतात, त्यामुळे घाई कायमचीच. अशा वेळी "साहेब, अजून नाही काढायचं" असं म्हणायला ज्ञान लागतं. आणि आपलं कुणीतरी ऐकेल असा दर्जाही लागतो.

चिचगड टू सिटी

गोंदिया जिल्ह्यातल्या देवरी तालुक्यात चिचगड आहे. चारी बाजूंनी जंगल, दक्षिणेला गडचिरोली, पूर्वेला छत्तीसगड. हा झाडीपट्टीचा मुलूख. इथे धान पिकतं, उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्ता हाताला पैसा देतात. परिसरात आदिवासी वस्ती मोठी. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालयही देवरीतच आहे.

लाकूड इथल्या माणसाला नवं नाही. झाडीपट्टीत सुताराला 'वाढई' म्हणतात. नांगर, बैलबंडी, दारं-चौकटी हे त्याचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. पण ट्रॅक्टर आला, लोखंडी चौकट आली आणि गावातलं काम आटलं. धान कापून झालं, की पोरं नागपूर, पुणे, हैदराबादची वाट धरतात. कुणाचा मामा, कुणाचा गाववाला आधीच तिथे असतो. त्याच्या हाताखाली आधी प्लेटा उचलायच्या, मग खिळे काढायचे, मग एक दिवस हातात करवत येते. ना वर्ग, ना पुस्तक. पण तीन-चार वर्षांत पोरगा तयार!

अडचण पुढे सुरू होते. पेरणीला गावी परत जायचं आणि पुढच्या दिवाळीनंतर नव्या ठेकेदाराकडे पुन्हा शून्यापासून. किमान वेतनात अकुशल, अर्धकुशल आणि कुशल असे वेगवेगळे दर असतात. आपण कोणत्या रांगेतले, हे मात्र ठेकेदार ठरवतो.

परीक्षा थेट साइटवर

यावरचा उपाय जगात नवा नाही. ब्रिटनमध्ये साइट कारपेंटरसाठी एनव्हीक्यू लेव्हल २ ही पात्रता आहे. परीक्षक साइटवर येऊन काम बघतो, केलेल्या कामाचे फोटो आणि सुपरवायझरची साक्ष तपासतो. त्यावर मिळतं सीएससीएसचं निळं कार्ड. ही कार्ड योजना १९९५ पासून सुरू आहे आणि बऱ्याच मोठ्या साइट्सवर कार्ड नसेल तर प्रवेशच नाही.

आपल्याकडचा भाऊबंद म्हणजे आरपीएल, 'आधीच्या शिक्षणाला मान्यता'. शिक्षण कुठेही झालेलं असो, अगदी मामाच्या हाताखाली, ते तपासायचं आणि त्यावर शिक्का मारायचा. २०१३ च्या डिसेंबरमध्ये देशाची कौशल्य पात्रता चौकट, म्हणजे एनएसक्यूएफ, जाहीर झाली. २०१५ मध्ये प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आली आणि तिच्या २०१६ च्या दुसऱ्या टप्प्यात आरपीएलला मोठी जागा मिळाली. त्या टप्प्यातला साचा असा होता : १२ तासांचं ओरिएंटेशन, त्यातले ६ तास प्रत्यक्ष कामाचे, ४ तास बोलणं-वागणं आणि व्यवसायाचे, २ तास परीक्षा कशी असते ते समजावण्याचे. मग परीक्षा. शिकवणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा, हे महत्त्वाचं. उमेदवाराला फी नाही. शिबिरात किंवा कंपनीच्या साइटवरच परीक्षा होत असल्याने रोजी फार बुडत नाही.

बांधकामाचे निकष कन्स्ट्रक्शन स्किल डेव्हलपमेंट कौन्सिल ठरवतं. शटरिंगमध्ये चक्क करिअरची शिडी आहे! हेल्पर, असिस्टंट, मग पारंपरिक शटरिंगचा सुतार आणि सिस्टिम शटरिंगचा सुतार.

ही 'सिस्टिम' भानगड समजून घ्यायला हवी. मोठ्या टॉवर्समध्ये हल्ली लाकडाऐवजी ॲल्युमिनियमचे तयार साचे वापरतात. साइटवर सगळे त्याला 'मिवान' म्हणतात. भिंती आणि स्लॅब एकदम ओतले जातात. इथे करवतीचं काम संपतं आणि ड्रॉइंग वाचणं, पिना-पाचरी, नंबर घातलेली पॅनेल्स यांचं काम सुरू होतं. ज्याला फक्त फळी कापता येते, तो पुन्हा हेल्पर होतो. म्हणून नुसता शिक्का पुरत नाही, नवं शिकणंही आलंच. एल अँड टीने १९९५ मध्ये चेन्नईत बांधकाम कौशल्याची संस्था सुरू केली. पनवेललाही तिचं केंद्र आहे आणि फॉर्मवर्क हा तिथला एक विषय.

तेल अवीवचा दरवाजा

कागदाची किंमत किती, हे २०२४ ने ठसठशीत दाखवलं. इस्रायलला बांधकाम कामगार हवे होते. मागणी होती चार कामांना : शटरिंग, सळई वाकवणं, प्लास्टर आणि टाइल्स. महिन्याला सव्वा लाखाच्या वर पगार! सप्टेंबर २०२४ मध्ये दुसऱ्या फेरीच्या चाचण्या पुण्यात झाल्या. तिथे डिग्री कुणी विचारली नाही. साचा लावून दाखव, एवढंच.

पण त्याच वर्षी दुसरीही बातमी आली. पहिल्या फेरीत गेलेल्यांपैकी काहींना काम नीट येत नव्हतं, म्हणून त्यांना दुसऱ्याच कामांवर पाठवावं लागलं. धडा सरळ आहे. हातात काम नसेल तर कागद तेल अवीवपर्यंत नेतो, पण तिथे टिकवत नाही. शिवाय तिथे युद्ध सुरू होतं, ती जोखीम वेगळीच.

मग अडतं कुठे?

खरी गाठ इथे आहे. सर्टिफिकेट मिळालं म्हणून ठेकेदार दुसऱ्या दिवशी हजेरी वाढवतो असं नाही. त्याच्या दृष्टीने मामाची ओळख आजही कागदापेक्षा जास्त चालते. काही पोरं म्हणूनच विचारतात, "कागद घेऊन करू काय?" प्रश्न चुकीचा नाही. बिल्डर आणि मोठ्या कंपन्या जोवर टेंडरमध्ये प्रमाणित सुतारांची संख्या लिहीत नाहीत आणि त्यांना कुशलचा दर देत नाहीत, तोवर शिक्का फाइलमध्येच राहणार. क्रेडाई पुणे मेट्रोने 'कुशल' उपक्रमातून साइटवरच कामगारांना शिकवायला सुरुवात केली, ती याच कारणासाठी मोलाची. कारण तिथे शिकवणारा आणि काम देणारा एकाच बाजूला असतात.

आणि इथे तुमचा-आमचा नंबर लागतो. फ्लॅट बुक करताना आपण क्लब हाउस, जिम, व्हिट्रिफाइड टाइल्स सगळं विचारतो. पुढच्या साइट व्हिजिटला सेल्सवाल्याला एक प्रश्न जास्त विचारा, "तुमच्या शटरिंग टीममध्ये प्रमाणित सुतार किती आहेत?" तो गोंधळेल. दहा जणांनी विचारलं, तर तो वर जाऊन विचारेल. चिचगडच्या पोराची हजेरी कदाचित त्याच दिवशी वाढायला लागेल.

नोट करा!
(तुमच्या ओळखीच्या सुताराला नक्की सांगा)

• पीएम विश्वकर्मा : १७ सप्टेंबर २०२३ पासून सुरू. १८ पारंपरिक व्यवसायांत सुतारकाम आहे. ५ ते ७ दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५ हजारांपर्यंतचं ई-व्हाउचर. विनातारण कर्ज आधी १ लाख, मग २ लाखांपर्यंत, ५ टक्के व्याजाने. एका कुटुंबातून एकालाच लाभ.

• बांधकाम कामगार मंडळ : वय १८ ते ६०, मागच्या वर्षात किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला. तो ठेकेदार किंवा ग्रामसेवक देऊ शकतो. दर साइटवरून दाखला घ्यायची सवय लावायची.

• गावाजवळ शिकायचं तर : १९ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्यात ५११ प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचं उद्‌घाटन झालं. आपल्या जवळच्या केंद्रात कोणते कोर्स आहेत, ते आधी विचारून घ्यायचं.

• फोनमध्ये ठेवा : लावलेल्या साच्यांचे फोटो, तारीख आणि साइटचं नाव. हाच सुताराचा सीव्ही!