चढत्या-उतरत्या अंकांची संख्या

छत्रपती संभाजीनगराहून सिल्लोडकडे जातांना फुलंब्री लागतें. तेथून शेजारच्याच खुलताबाद तालुक्यांत वेरूळचें कैलास लेणें आहे. तें राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळचें, हें शाळेंतील मुलेंहि सांगतील. परंतु त्याच घराण्याच्या राज्यांत पुढील शतकांत एक गणितग्रंथ निर्माण झाला आणि त्यांत एक अकरा अंकी संख्या मोठ्या कौतुकानें नोंदलेली आहे, हें फारच थोड्यांना ठाऊक असेल.

तो ग्रंथ म्हणजे जैन पंडित महावीराचार्य यांचा इ. स. ८५० च्या सुमाराचा ‘गणितसारसंग्रह’. त्याच्या आरंभीं अमोघवर्ष नृपतुंगाची स्तुति आहे. एकापासून सहापर्यंत चढणारी व मग त्याच क्रमानें उतरणारी ती संख्या अशी : १२३४५६५४३२१, म्हणजे बारा अब्ज चौतीस कोटि छप्पन्न लक्ष चौपन्न हजार तीनशें एकवीस. गुणाकाराच्या प्रकरणांत २७९९४६८१ ला ४४१ नें गुणून ती काढण्यास सांगितलें आहे. त्या ओबडधोबड अंकांतून असा सुबक हार निघेल, अशी शंकाहि कोणास येणार नाहीं.

यांतील मर्म असें कीं, ४४१ हा २१ चा वर्ग आणि २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग; आणि २१ गुणिलें ५२९१ म्हणजे १११११११ नव्हे, सहाच एकांची, १११११११ ची धाकटी बहीण, १११११११ पेक्षां एक अंक कमी : १११,१११. अर्थात् आपली संख्या हा १११,१११ चा वर्ग होय. कागदावर सहा एक सहा वेळां, दर ओळीस एकेक घर डावीकडे सरकवून लिहावे. उजवीकडून पहिल्या रकान्यांत एक एकं, दुसऱ्यांत दोन, असें सहाव्यांत सहा. पुढें ते तसेच घटत जातात. हातचा कोठेंच येत नाहीं, म्हणून रकान्यांची मोजणी जशीच्या तशी उत्तरांत उतरते.

१११,१११ चे मूळ अवयव ३, ७, ११, १३ व ३७. आचार्यांनीं ३ व ७ एकीकडे घेतले. ११ व १३ घेतले असते, तर २०४४९ आणि ६०३७२९ या जोडीनेंहि तोच हार गुंफला गेला असता.

नऊ एकांपर्यंत हा डौल टिकतो. दहा एकांचा वर्ग मात्र १२३४५६७९००९८७६५४३२१. मधल्या रकान्यांत दहा येतात, हातचा पुढें जातो आणि चढणींतील आठ नाहींसा होतो. तेव्हां हें सौंदर्य बरेचसें आपल्या दशमान लेखनपद्धतीचें आहे.

विसाव्या शतकांत देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनीं अशा संख्यांना ‘डेमलो’ हें नांव दिलें. तें जी. आय. पी. रेल्वेवरील, मुंबईपासून सुमारें तीस मैलांवरच्या एका स्थानकाचें. कल्पना तेथें सुचली, एवढेंच कारण! मधला ६ वगळून दोन्ही बाजूंची बेरीज करावी : १२३४५ आणि ५४३२१ मिळून ६६६६६. एक व पांच, दोन व चार, तीन व तीन. प्रत्येक घरांत वगळलेला सहाच पुन्हां उभा राहतो.