घोड्यास पावसाळी झूल : कापड, माप आणि निगा

पोळ्याच्या दिवशीं बैलाच्या अंगावर झूल घालावी हें आमच्या शेतकरी वर्गास कोणी शिकवावयास नको. परंतु ती झूल शोभेची असते. पावसांत टिकेल, पाणी अडवील आणि जनावरास न कांचेल अशी झूल कशी पारखावी, हें मात्र फारच थोड्यांस ठाऊक असतें. जालना जिल्ह्यांत ट्रॅक्टर व मोटारसायकल आल्यापासून घोडें बाळगणारे थोडे राहिले. तथापि पावसाळ्यांत काळ्या मातीच्या चिखलांतून शिवारांत जाण्यासाठीं, अगर केवळ हौसेनें, माळेगांवच्या किंवा सारंगखेड्याच्या यात्रेंतून घोडें आणणारे कास्तकार आजही आहेत. त्यांच्यासाठीं हे चार शब्द लिहीत आहों.

प्रथम आमची स्वतःची चूक सांगतों. महसूल खात्यांतील कारकुनी संपवून आम्ही गांवीं परतलों तेव्हां एक तांबडी घोडी घेतली. गोठा बैलांनीं व म्हशींनीं भरलेला. म्हणून ती रात्रीं कडुलिंबाखालीं बांधलेली असे आणि दिवसा पडीत रानांत मोकळी चरे. श्रावणांत झड लागली, तेव्हां घरांत होती ती प्लास्टिकची ताडपत्री आम्हीं तिच्या पाठीवर टाकली आणि पोटाखालून सुतळीनें आवळली. चार दिवस घोडी कोरडी आहे अशा समजुतीनें आम्ही निर्धास्त राहिलों. पांचव्या दिवशीं ताडपत्री काढली, तों पाठ घामानें चिंब झालेली, केसांचे झुपके खपल्यांसकट हातांत येऊं लागलेले, आणि मानेच्या बुडाशीं पाठीचा जो उंचवटा असतो तेथें कातडें सोललेलें! पुढें दीड महिना तिच्यावर खोगीर घालतां आलें नाहीं, व ऐन खुरपणीच्या दिवसांत आम्हांस रोज शेतापर्यंत चिखल तुडवीत जावें लागलें.

हा विकार कां होतो तें समजून घेतलें पाहिजे. डर्मॅटोफिलस नांवाचा एक सूक्ष्म जंतु आहे. कातडी कोरडी व धड असतां त्याचें फारसें चालत नाहीं. परंतु ती दीर्घकाळ ओली राहून मऊ पडली, किंवा घांसली गेली, म्हणजे तो आंत शिरतो व केसांच्या मुळाशीं खपल्या धरतात. कातडी पावसानें भिजली कीं घामानें, याच्याशीं त्या जंतूस कर्तव्य नाहीं. म्हणून बाहेरचें पाणी आंत येऊं न देणें आणि आंतली वाफ बाहेर जाऊं देणें, अशीं झुलीचीं कामें दोन आहेत. आमच्या ताडपत्रीनें पहिलें केलें, दुसरें केलें नाहीं. आणि तेवढ्यानें घोडी बिघडली.

आतां झूल लागतेच काय, असा प्रश्न कोणी करील. धडधाकट घोड्यास आमच्याकडील पावसाळ्याची हवा थंड नसते. त्याच्या केसांचें व त्यावरील तेलकटपणाचें आवरण साधारण सरीस पुरतें. वरून छप्पर, खालीं कोरडी जमीन आणि वाऱ्याच्या बाजूस आडोसा असेल, तर त्यासारखी दुसरी झूल नाहीं. परंतु घोडें म्हातारें, रोडलेलें, दुखण्यांतून उठलेलें अगर केस कातरलेलें असेल, किंवा झडींत उघड्यावर राहणें भाग असेल, तर झूल अवश्य घ्यावी. मात्र थंड देशांसाठीं केलेल्या झुलींत गादीसारखें भरण असतें. त्याचें वजन दर चौरस मीटरास १००, २०० किंवा त्याहून अधिक ग्रॅम असें लिहिलेलें असतें. अशी झूल आमच्या भाद्रपदांतील उकाड्यांत घालणें म्हणजे घोड्यास शिजविणें होय. आपल्याकडे बिनभरणाची, पातळ अस्तराची झूलच घ्यावी. आणि गारपिटींत झुलीवर भरंवसा मुळींच ठेवूं नये. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चांत मराठवाड्यांत गारांनीं केवढा नाश केला तें सर्वांस ठाऊक आहे. गारांपुढें छप्परच पाहिजे.

कापड मुख्यतः दोन प्रकारचें मिळतें. पहिलें सुती कॅनव्हास. पाणी लागतांच त्याचे धागे फुगतात व छिद्रें मिटतात. शिवाय त्यास मेणाचा हात दिलेला असतो. तें बळकट असून त्यांतून वाफ जाते. परंतु भिजल्यावर फार जड होतें, लवकर वाळत नाहीं, व ओलें घडी घालून ठेविल्यास बुरशीनें कुजतें. दुसरें नायलॉन अगर पॉलिएस्टरचें, आंतून लेप दिलेलें. तें हलकें असून लवकर वाळतें. त्याच्या धाग्याची जाडी डेनियर या मापानें सांगतात. ९००० मीटर धाग्याचें वजन जितके ग्रॅम, तितके डेनियर. गरीब स्वभावाच्या घोड्यास ६०० डेनियर पुरे. बाभळीच्या कुंपणास अंग घांसणाऱ्यास १२०० किंवा अधिक पाहावें. परंतु डेनियर हा धाग्याचा जाडपणा आहे, जलरोधकपणा नव्हे. तो लेपावर व शिवणीवर अवलंबून असतो.

दुकानदाराच्या शब्दावर न विसंबतां दोन परीक्षा घरींच कराव्या. झुलीचा शिवण असलेला भाग खोलगट धरून त्यांत पाणी ओतावें व रात्रभर ठेवावें; सकाळीं खालून कोरडा कागद लावून ओल येते कीं काय तें पाहावें. दुसरी परीक्षा अशी कीं, गरम पाण्याच्या भांड्याच्या तोंडावर कापड ताणून बांधावें व वर थंड थाळी धरावी. थाळीवर दंव धरलें तर कापडांतून वाफ जाते असें समजावें. मुळींच न धरलें तर ती ताडपत्रीच होय, मग तिचें नांव कांहींही असो. पाठीच्या कण्यावरून जाणारी शिवण असलेली झूल घेऊं नये, कारण पाणी प्रथम तेथूनच झिरपतें.

माप घेतांना घोडें सपाट जागीं उभें करावें. छातीच्या मध्यापासून निघून, खांद्यावरून आडवें, पुठ्ठ्याच्या मागल्या कडेपर्यंत फीत न्यावी. तीच झुलीची लांबी. ५२ ते ५४ इंच उंचीच्या तट्टास ती सुमारें साडेपांच फूट भरते, परंतु प्रत्येक जनावराचें माप निराळें घ्यावें. झूल घातल्यावर मानेची कड उंचवट्याच्या किंचित् पुढें बसावी, त्यावर रुतूं नये. तेथें पसरलेला हात सहज आंत जावा. लांबी शेपटीच्या मुळापर्यंत यावी. घोड्यानें मान खालीं घालून चरतांना छातीचा पट्टा गळ्याशीं आवळूं नये. पोटाखालचे दोन पट्टे एकमेकांस छेदून जावे व पोटापासून चार बोटें खालीं राहावे; त्याहून सैल असल्यास बसतां-उठतां पाय अडकतो. झूल मोठी असली तर मागें घसरून उंचवट्यावर ओढते, लहान असली तर खांदे सोलते. दोहोंचा परिणाम जखमच.

घालतांना प्रथम छातीचा पट्टा, मग पोटाचे, शेवटीं मागल्या पायांचे लावावे. काढतांना उलट क्रम धरावा. चिखलानें भरलेल्या अगर घामेजलेल्या अंगावर झूल कधींही घालूं नये. रोज एकदां ती काढून खरारा करावा, आणि खांदे, उंचवटा व कमर यांवरून हात फिरवावा. केस झिजलेले लागले तर माप चुकलें आहे असें समजावें. ऊन पडतांच झूल उतरवावी. धुतांना थंड पाणी व नरम कुंचा पुरे. कपड्यांच्या पावडरीनें लेप बिघडतो. सावलींत वाळवून, उंदीर पोंचणार नाहींत अशा ठिकाणीं टांगून ठेवावी. ऐपत असल्यास झुली दोन असाव्या, म्हणजे एक वाळत असतां दुसरी अंगावर राहते.

शेवटीं हिशेबाची एक गोष्ट. झुलीची किंमत पाहतांना ती किती पावसाळे टिकेल, त्या संख्येनें भागून पाहावें. एका पावसाळ्यांत फाटणारी स्वस्त झूल बहुधा महागच पडते. आमच्या ताडपत्रीस एक पैही पडली नव्हती. परंतु औषधपाणी, दीड महिन्याची अडचण आणि त्या मुक्या जनावराचे हाल ही तिचीच किंमत होती. घोडीच्या पाठीवर त्या जागीं अद्याप पांढरे केस उगवतात. खोगीर ठेवितांना दरवेळीं ते आमच्या दृष्टीस पडतात.