विणण्याआधी गिऱ्हाईक ठरवा

आमच्या शिरपुरात क्रोशाचे सुंदर काम करणाऱ्या भगिनी आहेत. हुनर आहे, पण माल कोण घेणार याचा विचार विणून झाल्यावर होतो.

आंध्रातील नरसापूरची क्रोशाची लेस परदेशी जाते. २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु नफा व्यापाऱ्याला आणि विणणारीला तुटपुंजी मजुरी, हे मारिया मीस यांनी १९८२ च्या आपल्या पुस्तकात दाखवले. आम्ही स्वतः व्यापारी, म्हणून सांगतो: गिऱ्हाईक ज्याच्या ओळखीचे, भाव त्याच्या हातात.

रमजानपूर्वी टोप्यांना मागणी असते. पण यंत्रावरच्या टोपीशी भावात टक्कर घेऊ नये. त्यापेक्षा नवरदेवासाठी मापाची, पसंतीच्या नक्षीची टोपी विणावी. बाळंतविड्याचे टोपडे-मोजे तर सर्वच समाजांत लागतात. थंडीसाठी लोकरीचे, उन्हाळ्यासाठी सुताचे नमुने दोन महिने आधी तयार ठेवावेत.

प्रथम चार-पाच नमुनेच करा, ओळखीच्या घरी दाखवा. कोणी, कशासाठी, किती किमतीत घेतले ते वहीत लिहा. किंमत ठरवताना सुताबरोबर आपल्या तासांची मजुरीही धरा. त्या वहीवरून पुढचा माल ठरवा.